तीन माणसांचा पीएमओ, कामं सत्तावीस: आधी कुठलं धरायचं?

जकार्ड_सोलापूर:
अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना. विणाई, डाइंग, शिलाई, पॅकिंग एकाच आवारात. एकदम १४ प्रकल्प चालू आहेत: १२ रॅपियर लूम (विणाईची यंत्रं), नवा बॉयलर, ईटीपीची (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटची) क्षमतावाढ, छतावर सोलर, ईआरपी (सगळ्या विभागांचं एकत्र सॉफ्टवेअर), बारकोड, परदेशी ग्राहकाच्या ऑडिटची तयारी, बाकी किरकोळ. मालकांनी तीन माणसांचा पीएमओ, म्हणजे सगळ्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं प्रकल्प व्यवस्थापन कार्यालय, काढायचं ठरवलंय. सल्लागाराने २७ कामांची यादी हातात दिलीय: अहवाल, कार्यपद्धती, प्रशिक्षण, प्रकल्प निवड, जोखीम वगैरे. मालक म्हणतात, सगळंच सुरू करा. क्रम कसा लावायचा?

ताणाबाणा:
२७ म्हणजे ती यादी बहुतेक ब्रायन हॉब्स आणि मोनिक ऑब्री या संशोधकांच्या २००७ च्या अभ्यासातली. त्यांनी ५०० पीएमओंची पाहणी केली आणि तिथे काय काय चालतं ते मांडलं. वरिष्ठांना प्रकल्पांची स्थिती कळवणं सगळ्यात वर होतं. पण ती दुकानातल्या मालाची यादी झाली, तुमच्या घरच्या किराण्याची नव्हे.

मालक, प्रॉडक्शन, मेंटेनन्स, खरेदी आणि अकाउंट्स यांना वेगवेगळं गाठा. "पीएमओकडून काय हवं?" असं विचारू नका, सगळे डॅशबोर्ड मागतील. विचारा: गेल्या तीन महिन्यांत कुठला निर्णय अडला आणि कशावाचून? एका चिठ्ठीवर एक उत्तर. मग चिठ्ठ्यांचे ढीग लावा. कारखान्यात सहसा तीनच ढीग मोठे निघतात: नक्की मंजूर काय आहे तेच माहीत नसणं, एकच माणूस दोन ठिकाणी लागणं, आणि परवानगी किंवा माल उशिरा येणं.

आता तास मोजा. तीन माणसं, आठवड्याला ४८ तास, म्हणजे १४४. रजा, बैठका, फोन यांत एक तृतीयांश जातात, उरले ९६. स्थिती गोळा करायला प्रकल्पामागे २ तास धरले तर २८. माणसांची ओढाताण सोडवायला १०, परवानग्या आणि खरेदीच्या पाठपुराव्याला १२, नव्या प्रकल्पांच्या छाननीला ८. झाले ५८. उरलेले ३८ तास सगळ्यात जास्त अडकलेल्या एकाच प्रकल्पावर घाला. कार्यपद्धतीचं पुस्तक लिहायला बसलात तर हेच ३८ तास त्यात जातील, आणि तयार झाल्यावर ते कोणी उघडणार नाही.

वाफेचा_हिशेब:
आकडेमोड ठीक, पण ओढाताणीला १० तास कमी पडतील. तुमच्या यादीत खरा घोळ तिथेच आहे. बॉयलर बदलताना वाफ बंद, म्हणजे डाइंग बंद, म्हणजे ईटीपीला सांडपाणी नाही. ईटीपीची चाचणी त्याच पंधरवड्यात लावली तर चाचणी कशावर घेणार? वर ईटीपीच्या एरेशन टँकमधले (हवा सोडायच्या टाकीतले) सांडपाण्यावर जगणारे जिवाणू उपाशी राहतात, ते पुन्हा वाढवण्यात आठवडे जातात. दोघांचे वेळापत्रक आपापल्या जागी बरोबर असते, एकत्र ठेवल्याशिवाय हे दिसत नाही.

एक तक्ता करा. आडव्या ओळींत दुर्मीळ माणसं: इलेक्ट्रिशियन, डाइंग मास्टर, खरेदीवाला, अशी आठ-दहाच. उभ्या रकान्यांत पुढचे १२ आठवडे. मेंटेनन्सवाल्याचा निम्मा वेळ ब्रेकडाउन खातंच, म्हणून त्याला प्रकल्पांसाठी आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त धरू नका. २० च्या पुढे गेलं की चौकट लाल. कुठला प्रकल्प मागे सारायचा ते मालकांनी ठरवायचं. पीएमओने फक्त चौकट दाखवायची.

परवानग्याही टप्पे म्हणूनच लिहा. क्षमतावाढीचं काम सुरू करण्याआधी प्रदूषण मंडळाची स्थापनेची संमती, उत्पादनाआधी चालवण्याची संमती, वाफ सोडण्याआधी बॉयलरची नोंदणी, लूम लावण्याआधी महावितरणचा वाढीव भार. प्रत्येकासमोर एकाच माणसाचं नाव. "खरेदी विभाग" असं लिहिलं की समजा कोणीच नाही.

आणि हो, संक्रांतीच्या आठवड्यात सिव्हिलचा टप्पा ठेवू नका. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत मजूर मिळायची मारामार.

कांडीवाला:
अहवाल आधी घ्या, पण टक्केवारीत नको. "९० टक्के झालं" हे सहा-सहा आठवडे तसंच राहतं, कारण उरलेल्या दहात वायरिंग आणि चाचणी असते. लूमसाठी पाच टप्पे पुरेत: फाउंडेशन, मशीन उतरलं, वीज जोडली, पहिला बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) विणला, सलग ७२ तास चाललं. उत्तर हो किंवा नाही.

अहवालात आपला प्रकल्प लाल, म्हणजे अडलेला, दाखवणाऱ्याला पहिल्याच बैठकीत झापलं की पुढच्या आठवड्यात सगळे हिरवे. म्हणून अडचण त्याच आठवड्यात सांगितली तर ओरडा नाही, लपवली तर जाब, हे मालकांकडूनच वदवून घ्या. पहिले सहा महिने एक्सेलची एकच फाईल. सॉफ्टवेअर आणलंत तर पीएमओ हाच पंधरावा प्रकल्प होईल.

जकार्ड_सोलापूर:
छाननीचं अवघड आहे की हो. मालक फोनवरच नवीन काम काढतात. त्यांना कोण थांबवणार?

ताणाबाणा:
थांबवायचं नाहीच. एकपानी अर्ज ठेवा: काम काय, खर्च किती, कोणाचे किती तास, आणि शेवटची ओळ "याच्यासाठी कुठला चालू प्रकल्प थांबेल?" ती ओळ मालकांनीच भरायची, सहीही त्यांचीच. निम्मी कामं त्या ओळीवरच विरतात. जी उरतात ती खरोखर निकडीची असतात, त्यांना जागा द्या.

प्रशिक्षण, चुकांची नोंद, जोखीम हे १३ आठवड्यांनी पाहू. तेव्हाच हातातलं काय सोडायचं तेही तपासा: एखादा अहवाल एक आठवडा मुद्दाम पाठवू नका. कोणी विचारलं नाही तर त्याचे तास मोकळे झाले.