२५ नॅनोमीटरची पावडर दोन तासांत तळाला कशी?

उद्यमबाग_बेंच:
टायटॅनियम डायऑक्साइड आहे, डब्यावर कणाचा आकार २५ नॅनोमीटर. ०.१ ग्रॅम पावडर १०० मिलि बोअरच्या पाण्यात काचकांडीनं ढवळून मोजपात्रात ओतली. स्टोक्सच्या सूत्रानं (द्रवात कण किती वेगानं बुडतो ते सांगणारं) कण दिवसाला जेमतेम ०.१ मिमी उतरायला पाहिजे. इथं वरचं १० सेंमी पाणी दोन तासांत निवळतं आणि तळाला पांढरा साका बसतो. नॅनोला हे सूत्र चालत नाही काय? ग्लिसरीन घातलं तर थांबेल काय?

साका_बघणारा:
सूत्र चालतं हो, त्यात घातलेला आकार चुकलाय. उलटं गणित करा. १० सेंमी भागिले ७२०० सेकंद, म्हणजे सेकंदाला १४ मायक्रॉन. एवढ्या वेगाला भरीव कण २.८ मायक्रॉनचा लागतो. म्हणजे तुमचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या झाल्यात. गुठळीत पाणी अडकलेलं असतं. पाचवा हिस्साच घन धरला तर ती ६ मायक्रॉनच्या पुढं जाते. डब्यावरचे २५ हे सुट्या मूळ कणाचे. तसा सुटा कण तुमच्या पात्रात बहुधा नव्हताच.

गुठळ्या व्हायची कारणं दोन. टायटॅनियाचा (म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडचा) पृष्ठभार, कणाच्या पृष्ठभागावरचा विद्युतभार, साधारण पीएच ६ च्या आसपास शून्य होतो, मग कण एकमेकांना दूर ढकलत नाहीत, आणि तुमचं पाणी त्याच्या फार लांब नसणार. त्यात बोअरचं कॅल्शियम: दुहेरी भाराचा आयन सोडियमपेक्षा कितीतरी कमी मात्रेत कणांमधलं प्रतिकर्षण मोडतो.

डिस्टिल्ड पाणी घ्या. नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून पीएच ३ ते ३.५ करा. पावडरीवर आधी थोडंसंच पाणी घालून लगदा करा, मग उरलेलं. भांडं बर्फात ठेवून प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणारी कांडी) १० मिनिटं, थांबत थांबत चालवा. नुसत्या ढवळण्यानं घट्ट गुठळ्या फुटत नाहीत. नंतर पातळ करायचं तर त्याच पीएचच्या पाण्यानं. साधं पाणी घातलं की परत गुठळ्या. एकमेकांना भाजून चिकटलेले कण मात्र सोनिकेटरलाही दाद देत नाहीत, त्यामुळं शंभरेक नॅनोमीटरवर अडकलात तर नवल नाही.

कोकमवाला:
ग्लिसरीनचं उत्तर राहिलं. त्यानं फक्त उशीर होतो. चिकटपणा पाचपट झाला की उतरणं पाचपट मंद, पण विसरणही, म्हणजे कणांचं आपोआप इकडंतिकडं पसरणंही, तेवढंच मंद. शेवटी कण कुठवर पसरून राहणार हे ठरतं औष्णिक ऊर्जा भागिले कणाचं पाण्यातलं वजन यावर, आणि त्यात चिकटपणा येतच नाही. २५ नॅनोमीटरच्या सुट्या टायटॅनिया कणाला ही उंची १८ मिमी भरते. आकार दुप्पट केला की ती आठपट घटते.

असा कण २५ अंशाच्या पाण्यात दिवसाला विसरणानं १.८ मिमी भटकतो आणि वजनानं ०.१ मिमी उतरतो. दोन्ही बरोबरीला यायला वर्ष लागतं!

फ्रेंच शास्त्रज्ञ पेराँनं १९०८ च्या सुमारास हेच सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं, गँबोज नावाच्या पिवळ्या राळेच्या कणांवर. अर्ध्या मायक्रॉनहून थोडे लहान कण, दर ३० मायक्रॉन उंचीला संख्या निम्म्याहून कमी. ही राळ गार्सिनिया वंशातल्या झाडाची, म्हणजे आमच्या घाटाखालच्या कोकमाची भावकीच की.

उद्यमबाग_बेंच:
पीएच ३.२ ला दुसऱ्या दिवशीही पात्र वरपासून खालपर्यंत सारखं दुधी आहे. म्हणजे सुटे झाले ना?

साका_बघणारा:
एवढ्यावरून नाही म्हणता येत. पात्र खिडकीशी असेल तर एका बाजूनं तापून पाणी आतल्या आत फिरतं. तुमच्या कणाचा उतार सेकंदाला १ नॅनोमीटर; त्या प्रवाहापुढं तो हिशेबातच नाही. तोंड उघडं असलं तरी वरचं पाणी बाष्पीभवनानं गार होऊन खाली येतं. झाकण लावा, पात्र पाण्याच्या बादलीत ठेवा.

खात्री डीएलएसवर (विखुरलेल्या लेसर प्रकाशाच्या चढउतारावरून कणाचा आकार काढणारं यंत्र) करा, पण आकड्यानं फसू नका. लहान कणांच्या बाबतीत प्रकाश विखुरणं आकाराच्या सहाव्या घातानं वाढतं, त्यामुळं दहापट मोठी एक गुठळी दहा लाख सुट्या कणांएवढी चमकते. नमुना यंत्रात ठेवून पाच मिनिटं थांबा. १५ अंशाचं पाणी २५ अंशाचं समजून मोजलं तर चिकटपणाच २८ टक्के चुकतो, आणि कण निदान तेवढा मोठा दिसतो.