किनाऱ्याने पायी जाताना झालेली फजिती (आणि पुढच्या वेळी काय कराल) – अनुभव लिहा

सुरूचंबन

भाच्याचा काल मेसेज. "आत्या, डिसेंबरात आम्ही चौघं हर्णैहून केळशीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने चालत जाणार. मॅपवर सगळी पुळणच, म्हणजे वाळूचा किनारा, दिसतो, सोप्पंय." सोबत नकाशावर बोटाने ओढलेली लाल रेघ. ती रेघ बघितली आणि १९९४ सालची संकष्टी आठवली.

तेव्हा आंजर्ल्याला पूल नव्हता, तरीतून पलीकडे जायचं. मैत्रिणीच्या घरी मुक्काम. सकाळी कड्यावरच्या गणपतीला जाऊन आलो आणि तशाच चौघीजणी उत्तरेला आड्याच्या दिशेने किनाऱ्याने निघालो. वाटेत खाडीचा एक फाटा लागला. साडेनऊला त्यात घोटाभर पाणी. चपला हातात घेतल्या, फिदीफिदी हसत पलीकडे गेलो. सुरूत बसून डब्यातली साबुदाण्याची खिचडी खाल्ली, गाणी झाली, एक झोप काढली. दोनला परत त्याच जागी येतो तर तो फाटा कुठेच नाही, नुसती खाडी. सकाळी ज्या काळ्या दगडावर चपला झटकल्या होत्या त्याचं टोकसुद्धा दिसेना. आमच्यातली एक पट्टीची पोहणारी, ती ओढणी कमरेला खोचून उतरायलाच लागली. तेवढ्यात मागून आवाज, "ए बायांनो, थांबा! पानी आत घुसतंय, दिसत नाय काय?"

कालवं काढून परतणारी एक म्हातारी. हातात कोयती, डोक्यावर पत्र्याचा डबा. आम्हाला हाकत स्वतःच्या पडवीत नेऊन बसवलं. कोकमाचं पाणी दिलं आणि विचारलं, "आज तिथ काय?" म्हटलं, चतुर्थी. "मंग तीनला भरनार पानी. उपास करताव आनि तिथीचा हिशेब म्हाईत नाय?"

चंद्रोदय किती वाजता ते चौघींना तोंडपाठ होतं. भरती किती वाजता ते एकीलाही नाही.

अंधार पडता पडता तिच्या नातवाचा हात धरून गुडघ्याच्या वर पाण्यातून आलो. घरी मैत्रिणीचे वडील तरीवाल्यांना विचारत फिरत होते, कारण "जरा फिरून येतो" याखेरीज आम्ही कुणाला काही सांगितलंच नव्हतं.

भाच्याला उपदेश केला तर तो "हो हो" म्हणेल. तुमचे अनुभव लिहा, त्याला लिंकच पाठवते.

भांगउधाण

म्हातारीचा हिशेब म्हणजे तिथीची पाऊणपट. चतुर्थी, चाराचे पाऊण म्हणजे तीन. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. तेवढ्या वाजता भरती पूर्ण, त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण. पुनवेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. पुनव-अवसेला भरती बाराच्या सुमारास. हे मुंबईला बरं जुळतं. जितकं दक्षिणेला जाल तितकी भरती आधी लागते, म्हणून रत्नागिरीकडे अर्धा-पाऊण तास अलीकडेच धरा. नेमक्या वेळेसाठी भरतीचं कोष्टक बघायचंच, पण मोबाईलला रेंज नसली तर डोक्यात हे असावं.

आणि खाडीचा फाटा ओलांडायचा तो पाणी उतरत असताना. ओहोटी संपल्यावर पोचलात तर प्रत्येक मिनिट तुमच्या विरुद्ध.

उकडीचेच

उपासाला झोप लागेपर्यंत खिचडी खाल्ली हा भाग सगळ्यात ओळखीचा वाटला 😄

लीड्सकरीण

इथे इंग्लंडात नॉर्थम्बरलंडला होली आयलंड आहे. बेटावर जायचा रस्ता भरतीला दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. दोन्ही टोकांना ओलांडायच्या सुरक्षित वेळा लिहिलेल्या, बुडालेल्या गाडीचा फोटोसुद्धा लावलेला. तरी लोक गाड्या घालतात! मधे खांबांवर उभी केलेली एक खोली आहे. अडकलात की जिना चढायचा, आत बसायचं आणि खाली आपली गाडी पाण्यात जाताना बघायची. नवरा म्हणाला, "अजून वीस मिनिटं आहेत, जाऊ." मी म्हटलं तू जा, मी आणि डबा इकडेच. गेला नाही. (डबा माझ्याकडे होता.)

बाकी इथली एक सवय चांगली वाटते. शेतातून पायवाट जाते तेव्हा फाटक जसं होतं तसं ठेवायचं. बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. मेंढ्या दिसल्या की कुत्रा पट्ट्यावर.

पोफळीखाली

लीड्सकरीण, फाटकाचं बोललात म्हणून लिहितो. आमचं आगर किनाऱ्याला लागून. पुळणीवरून वर यायची वाट आमच्या बेड्यातून. कुणाला अडवत नाही, आजोबांपासून कुणी अडवलं नाही. पण येणारा बेडं उघडं टाकून जातो आणि मागून गुरं आत शिरतात. गेल्या वर्षी वांग्यांची सगळी रोपं एका दुपारी फस्त. बरं, बेडं सापडलं नाही तर गडग्यावर चढून येतात. गडगा म्हणजे नुसते एकावर एक रचलेले दगड हो, त्यात सिमेंट नाही. एक दगड हलला की पावसात चार हात गडगा बसतो. तो रचणारा गडी आता मिळत नाही.

आणखी एक. वाळत घातलेली मासळी. कोळीवाड्यात पुळणीवर जाळी पसरून सुकत घालतात. परवा एक बाई नाकाला रुमाल लावून त्याच्यावरून उडी मारत गेल्या, वर "ई" म्हणाल्या. संध्याकाळी त्याच आमच्याकडे सुकट मिळेल का विचारायला.

गाडी पुळणीवर घालणाऱ्यांबद्दल लिहीत नाही, बीपी वाढतं.

सुरूचंबन

पोफळीखाली, लिहाच. भाच्याच्या मित्राकडे नवी फोर बाय फोर आहे.

पोफळीखाली

मग ऐका. ओली पुळण वरून सिमेंटसारखी घट्ट दिसते. गाडी थांबली की चाकाखालची वाळू पाणी धरते आणि चाक बसतं. जोर दिला की अजून बसतं. मग गावात ट्रॅक्टर शोधत येतात. तोवर भरती लागलेली. ट्रॅक्टरवाला येतो, पण त्याचा ट्रॅक्टर रुतला तर कोण काढणार? दोन वर्षांपूर्वी एकाची गाडी सायलेन्सरपर्यंत पाण्यात गेली तेव्हा आम्ही दहा जण दोर लावून ओढत होतो आणि साहेब व्हिडिओ काढत होते.

वेळासची_पाहुणी

गाडीने कासवांची घरटीही चिरडतात. आम्ही वेळासला मार्चात गेलो होतो. (नाना फडणवीसांचं गाव, शेजारी बाणकोटचा किल्ला, तोही बघा.) ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री येऊन भरतीच्या रेषेच्या वर खड्डा करून अंडी घालते. ती गावातली माणसं उचलून कुंपणातल्या हॅचरीत ठेवतात. पिल्लं निघायला साधारण ४५ ते ५५ दिवस. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी हे काम लावून धरलंय. सकाळी टोपली उपडी केली आणि पिल्लं पाण्याकडे निघाली तेव्हा शंभर माणसं दोरीमागे गप्प उभी. माझा पाच वर्षांचा मुलगासुद्धा. असं तो घरी कधीही उभा राहत नाही.

मुद्दा असा, की नोव्हेंबर ते मार्च रात्री पुळणीवर टॉर्च मारत हिंडू नका. मादी उजेडाला बिचकून अंडी न घालता परत फिरते, आणि पिल्लं उजेडाच्या दिशेने चुकीकडे जातात.

कऱ्हेकाठी

वेळासला राहायची सोय कशी आहे? घरगुती जेवण? नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

वेळासची_पाहुणी

केला.

उकडीचेच

मलाही 🙏

घळीतला

हेदवीची बामणघळ. काळ्या खडकात अरुंद भेग आहे, भरतीला लाट आत शिरते आणि पाण्याचा स्तंभ उडतो. आम्ही काठावर उभे. दहा मिनिटं काही नाही. मित्र म्हणाला, "एवढंच?" आणि आणखी दोन पावलं पुढे गेला फोटोसाठी. मग जी लाट आली ती एवढंच नव्हती. तो शेवाळावरून बसल्या बसल्या चार फूट घसरला, एका खाचेत पाय अडकला म्हणून राहिला. अंगठ्याचं नख गेलं, फोन गेला. फोनचंच दुःख करत होता येडा.

ओल्या काळ्या कातळावर बुटाचा सोल किती भारी आहे याला काही अर्थ नाही. जिथपर्यंत खडक ओला दिसतो तिथपर्यंत लाट येते. एवढं कळलं तरी पुरे.

दोन_मुलींची_आई

कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. बायकांनी जायचं कुठे? पुळण म्हणजे सगळं उघडं, आणि सुरूच्या बनात पलीकडून वाडीतली पोरं बघतात. आम्ही पाच जणींनी वेंगुर्ल्याकडे तीन दिवस चालायचं ठरवलं तेव्हा पाण्याच्या आधी हे प्लॅन केलं. नाश्ता, जेवण आणि दुपारचा चहा तिन्ही कुणाच्या तरी घरी आधी सांगून ठेवले. जेवणाच्या पैशात बाकी प्रश्नही सुटतात. वर मावश्या पाय चेपायला तेल देतात ते वेगळंच. नाहीतर बायका पाणीच पीत नाहीत आणि दुपारी चक्कर येऊन पडतात. डिसेंबर असला तरी अकरानंतर वाळू वरूनही भाजते आणि खालूनही. आम्हाला माणशी तीन लिटर लागलं.

सुरूचंबन

दोन_मुलींची_आई, कोपरापासून नमस्कार. १९९४ साली आम्ही हेच केलं होतं, पाणीच न पिण्याचं.

काळामांडवी

सासऱ्यांना पाकटाने (चपटा मासा) काटा मारला होता पायाला. उथळ पाण्यात वाळूखाली पसरून असतं, पाय बरोबर वर पडला की शेपटी फिरवतं. सोसेल तेवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवला तेव्हा कळ कमी झाली, मग डॉक्टरकडे नेलं, काट्याचा तुकडा आत होता. तेव्हापासून घरात सगळे पाण्यात पाय घासत चालतात. दिसतं विनोदी, पण पाकट आधीच सरकून जातं.

भांगउधाण

+१ पाय घासत. आणि पावसाळ्यात हा उद्योग नकोच. जून-जुलैत मासेमारीसुद्धा बंद असते. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते उतरत नाहीत तर आपण कोण.

सड्यावर

किनारा जिथे तुटतो तिथे वर सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, जावं लागतं, त्याचंही बघा. वाळलेल्या गवतात आणि सुट्या दगडांखाली फुरसं असतं. वीतभर-हातभर जनावर, पण वाईट. हात कुठे टेकता ते बघून टेका. रात्री बाहेर ठेवलेल्या बुटात विंचू. लाल विंचवावर महाडकडे डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केली आणि माणसं वाचायला लागली, त्याआधी आमच्याकडे मांत्रिकच होता. बूट झटकून घाला हो, सोपं आहे.

राजापूर-रत्नागिरीकडच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. काही ठिकाणी दगड रचून चौकट केली आहे, काही अजून उघडीच. चप्पल घालून त्यांच्यावर उभं राहू नका, खडूने रेघा भरू नका फोटो चांगला यावा म्हणून. मी भरताना बघितलंय, विचारलं तर म्हणे "पावसात जाईल की."

उकडीचेच

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला चालत जायला अष्टमी बरी ना मग? ओहोटी बरोबर दुपारी बाराला.

भांगउधाण

वेळ बरोबर, पाणी नाही. अष्टमीला भांग. भरती फार चढत नाही तशी ओहोटीही पुरती हटत नाही. अवस-पुनवेच्या दोन-तीन दिवसांनी गेलात तर सकाळी आठ-नऊच्या सुमारास चांगलं मोकळं मिळतं. आणि किल्ल्यात शिरायच्या आधी घोडागाडीवाल्याला विचारा, "शेवटची फेरी कधी?" तो सांगेल त्याच्या अर्धा तास आधी बाहेर.

रापणकर

आमच्या मालवणात रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढतात त्येचा दोर ओलांडू नको. मदत करूची तर विचार आणि लाग, कोणी नाय म्हणूचा नाय. वाटो पण गावतलो. माका विचारशात तर किनाऱ्यार चलान जातंस तेव्हा पयलो जो म्हातारो गावात तेका थांबवन विचार, फुडे खाडी केदवा उतरता. गूगलाक काय म्हायत.

लीड्सकरीण

वाचताना अख्खं आजोळ आठवलं 😢 रापणकर, वाट्यात काय मिळतं?

रापणकर

तारले. कधी बांगडो. नशीब आसात तर. तुमका पाठवचो कसो?

कऱ्हेकाठी

कालवांवरून आठवलं, कालवांचं सुकं कसं करतात कुणी सांगेल का? आई करायची. कांदा जास्त लागतो एवढंच आठवतंय.

काळामांडवी

भरपूर कांदा, लसूण, आगळ. पाणी घालू नका, कालवं स्वतःच सोडतात. आणि अनवाणी त्यांच्या खडकावर चढू नका, पाय ब्लेडने कापल्यासारखा होतो. (बघा, विषयावर आले.)

घळीतला

भाच्याला नंबर पण द्या. ११२ सगळीकडे, समुद्रात काही झालं तर तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३. कागदावर लिहून. फोनमध्ये नको, माझ्या मित्राचा किस्सा वर आहेच.

सुरूचंबन

सगळ्यांचे आभार. भाच्याने पूर्ण धागा वाचला म्हणतोय (रापणकरांचा प्रतिसाद दोनदा). फोर बाय फोर पुण्यातच राहणार. मुक्कामाला दोन घरं सांगून ठेवली, तिथल्या काकांना रोज निघायची आणि पोचायची वेळ कळवायची हे कबूल. निघणार सप्तमीला. सातचं पाऊण सव्वापाच, तेव्हा भरती, म्हणजे ओहोटी अकराच्या आसपास, जरा आधीच. आठला निघून पहिला फाटा दहाच्या आत.

हे सगळं त्याने स्वतः मांडलं, मी खूश. मग शेवटी विचारतो, "आत्या, पण सप्तमी नेमकी कधी आहे हे कुठे बघतात?"

उकडीचेच

हसून हसून पुरेवाट 😂 फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलंय ते कशाला?

कऱ्हेकाठी

त्याच्या मागच्या पानावर कालवं आहेत का बघायला सांगा.