लोहाराने घडवलेल्या सुरीच्या मुठीला चीर गेली आहे: भरू की मूठच बदलू?

दादरकर: भावाने गावच्या लोहाराकडून सुरी घडवून आणली. पातं अप्रतिम आहे, पिकलेला टोमॅटो न दाबता कापला जातो. मूठ शिसवीची: पात्यामागच्या पोलादी पट्टीला दोन्ही बाजूंनी लाकूड, तीन रिव्हेटांनी (आरपार जाणाऱ्या धातूच्या खिळ्यांनी) बसवलेलं. पावसाळ्यात सगळं ठीक होतं. आता जानेवारीत शेवटच्या रिव्हेटपासून टोकाकडे बारीक चीर दिसतेय, गाठीशेजारी ज्वारीच्या दाण्याएवढं भोक आहे आणि मुठीवरून बोट फिरवलं की पोलादाची कड टोचते. फेविक्विकने भागेल का? सामान कुठे मिळेल?

रंधा: ताई, तिन्ही दोषांना एकच औषध लावू नका.

कड टोचते कारण लाकूड आकसलंय. जुलैत मुंबईची हवा 80 टक्क्यांहून जास्त दमट असते, तेव्हा लाकूड फुगतं, थंडीत सुकतं. हा फरक लाकडाच्या रेषांना आडवा पडतो, लांबीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे पोलाद घासून लाकडाशी सपाट करू नका, पावसाळ्यात लाकूडच वर येईल. 400 नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त कडेची धार मोडा.

भोक सोपं आहे. सुईने आतला भुसा काढा. पुन्हा पुन्हा पिठासारखा भुसा पडत राहिला तर आत कीड आहे, मग भरण्यात अर्थ नाही. नसेल तर अ‍ॅराल्डाइटमध्ये (दोन ट्यूब मिसळून लावायचा गोंद) शिसवीचाच भुसा कालवून थोडं वर येईल इतकं भरा, रात्रभर ठेवा आणि घासा. शिसवीची धूळ काहींना बाधते, मास्क लावा.

खरा प्रश्न चिरेचा. मूठ दोन्ही अंगठ्यांनी वाकवल्यासारखी दाबा. चीर तशीच राहिली तर पातळ फेविक्विक ओघळू द्या, ते आपोआप आत ओढलं जातं. चीर उघडमीट झाली तर हात लावू नका, आधी इथे सांगा.

गिरगावकर: सहमत, एक भर घालतो. रुंद उघडलेली चीर थंडीत कडक मसाल्याने ठासून भरली की पावसाळ्यात फुगणाऱ्या लाकडाला जागा उरत नाही आणि शेजारी नवी चीर पडते. आणि तेल लावायचं ते सगळं चिकटवून झाल्यावरच, तेलकट लाकडाला काहीच धरत नाही.

दादरकर: दाबून पाहिलं. चीर उघडते, आणि पाण्याचा थेंब टाकला तर लगेच आत जातो.

रंधा: मग मूठ बदला, मन घट्ट करून. ते पाणी थेट पोलादापर्यंत जातंय. आत गंज धरेल, अन्नाचा अंशही अडकेल, आणि जोर लावताना तुकडा निघाला तर हात कापेल. रिव्हेटचं डोकं ड्रिलने उडवा. त्याआधी पात्यावर जाड पुठ्ठा गुंडाळून टेप लावा, ही पायरी कुणीही गाळू नये. आतला गंज साफ करा, नवे दोन तुकडे अ‍ॅराल्डाइटने बसवा. शिकंजा (क्लॅम्प) बेताने आवळा, फार आवळला तर सगळा गोंद बाहेर येतो.

गिरगावकर: लाकडाचे तुकडे रे रोडच्या लाकूडबाजारात विचारा, नव्या रिव्हेटांसाठी पितळी सळई गुलालवाडीत, ड्रिलचे बिट आणि शिकंजे नागदेवी स्ट्रीटला. शेवटी जवसाचं तेल अगदी पातळ, दर थर सुकवून. शेंगदाण्याचं नको, चिकट होतं. आणि तेलाचा बोळा चुरगळून कचऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाचं फडकं स्वतःच तापून पेटू शकतं. उघडं पसरून वाळवा.

दादरकर: शनिवारी जाते. पुन्हा शिसवी घेऊ की सागवान?

रंधा: सागवान. हवामानाने कमी हलतं, हातालाही हलकं. फक्त त्यात स्वतःचं तेल असतं, म्हणून गोंद लावायच्या जरा आधी अ‍ॅसिटोनने पुसा. आणि तुकडा निवडताना रेषा मुठीच्या लांबीत सरळ धावतायत ना, हे दुकानातच बघून घ्या.