मदत हवी आहे: ब्रॉथमधलं हिस्टामिन एचपीएलसीवर जवळजवळ दिसतच नाही

वैनगंगाकाठ: भंडाऱ्याकडच्या बोड्यांतल्या (लहान तळ्यांतल्या) मासळीवरचे जिवाणू वेगळे केलेत. ते हिस्टिडीनपासून हिस्टामिन हे अमाइन किती बनवतात ते मोजायचंय. ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवायच्या द्रवात) हिस्टिडीन, लायसिन, ऑर्निथिन ही अमिनो आम्लं प्रत्येकी ०.५ टक्के. सेंट्रिफ्यूज केल्यावर वरचा १ मिलि द्रव थेट घेते. त्यात २ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड २०० मायक्रोलिटर, संपृक्त सोडियम बायकार्बोनेट ३०० मायक्रोलिटर, डान्सिल क्लोराइड (अमिनो गटांना चिकटून ते यंत्राला दिसतील असं करणारं रसायन) २ मिलि (अ‍ॅसिटोनमध्ये १० मिग्रॅ/मिलि). ४० अंशांवर अंधारात ४५ मिनिटं, शेवटी अमोनिया १०० मायक्रोलिटर. मग एचपीएलसी, म्हणजे द्रवातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र: सी-१८ कॉलम (घटक वेगळे करणारी नळी), मोजणी २५४ नॅनोमीटरवर. स्टँडर्ड (माहीत मात्रेची द्रावणं) ०.४ मोलर परक्लोरिक आम्लात आहेत, त्यांची रेषा सरळ येते. नमुन्यात मात्र इंटर्नल स्टँडर्डचा (तुलनेसाठी ठराविक मात्रेत घातलेलं १,७-डायअमिनोहेप्टेन) पीकही तिसऱ्या हिश्श्यावर येतो. कॉलम गेला का?

सी-अठरा: नाही ताई, कॉलम गेला असता तर स्टँडर्डही बिघडले असते. तुमचं डान्सिल कमी पडतंय. २० मिग्रॅ म्हणजे सुमारे ७४ मायक्रोमोल. १ मिलि ब्रॉथमध्ये लायसिन हायड्रोक्लोराइड ५ मिग्रॅ, म्हणजे २७ मायक्रोमोल. लायसिनला अमिनो गट दोन, म्हणून डान्सिलचे ५४ तिथेच संपले. ऑर्निथिनला त्याहून थोडं जास्त लागतं. हिस्टिडीन आणि पेप्टोनचा (ब्रॉथमधल्या पचवलेल्या प्रथिनांचा) हिशोब तर अजून धरलाच नाही. हिस्टामिनच्या वाट्याला काय उरणार? नमुना २० पट पातळ करा आणि इंटर्नल स्टँडर्ड त्यानंतरच घाला. एक नमुना ५० पटही करून बघा. पातळ केल्याच्या पटीने गुणून दोन्हीकडे सारखाच आकडा आला, तर डान्सिल पुरतंय असं समजा.

पिपेटवाला: आणखी एक चूक आहे, आणि ती मोठी आहे. स्टँडर्ड आम्लात, नमुना बिनआम्लाचा! १ मिलि ०.४ मोलर परक्लोरिक आम्ल २०० मायक्रोलिटर २ नॉर्मल अल्कलीने बरोबर उदासीन होतं, मग सामू बायकार्बोनेट सांभाळतं. आम्लच नसेल तर सामू फार चढतो आणि डान्सिल क्लोराइड पाण्याशीच विक्रिया करून वाया जातं. म्हणून पातळ करताना ०.४ मोलर परक्लोरिक आम्लच वापरा. सोडियमच्या जागी पोटॅशियम हायड्रॉक्साइड घेऊ नका, पोटॅशियम परक्लोरेटचा पांढरा साका बसतो.
जिवाणू न घातलेला ब्रॉथही याच पद्धतीने चालवा. पेप्टोन आणि यीस्ट अर्कात थोडे अमाइन आधीपासून असतात, ते वजा करावे लागतात.

वैनगंगाकाठ: दोन्ही पटलं, आम्लातच पातळ करते. वॉटर बाथबद्दलही सांगा, दुपारी खोलीच ४३ अंशांवर असते.

सी-अठरा: साध्या बाथला फक्त हीटर असतो, तो खोलीपेक्षा थंड होत नाही. ही पायरी सकाळीच उरका. अ‍ॅसिटोन ५६ अंशांना उकळतं, पण उडतं त्याच्या कितीतरी आधी. टेफ्लॉन अस्तराच्या झाकणाच्या काचनळ्या घ्या. शेवटी अ‍ॅसिटोनायट्राइलने ५ मिलि करून ०.४५ मायक्रॉनमधून गाळा, मगच इंजेक्ट करा.