अनुभव धागा: फादर मायकल जज यांच्यावरचा माहितीपट पाहताना, दाखवताना

११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जुळ्या मनोऱ्यांवरच्या हल्ल्यात मरण पावलेले तिथल्या अग्निशमन दलाचे चॅप्लेन (दलाचे धर्मगुरू) फादर मायकल जज यांच्यावर ग्लेन होल्स्टन यांनी ‘सेंट ऑफ ९/११’ हा माहितीपट केला. साल २००६, निवेदन अभिनेते इयन मॅकेलन यांचं. जाणकारांनी लिहा. ‘डोळ्यांत पाणी आलं’ एवढंच नको, पाहणाऱ्याच्या उपयोगाचं हवं.

प्रतिसाद १
आधी एक दंतकथा बाजूला काढा. मरणाच्या दारातल्या जवानाला तेल लावून अखेरचा संस्कार देताना त्यांनी हेल्मेट काढलं आणि तेवढ्यात वरून काही पडलं, असं सर्रास सांगतात. प्रत्यक्षात ते उत्तर मनोऱ्याच्या लॉबीत होते. ९:५९ ला शेजारचा दक्षिण मनोरा कोसळला, त्याचा ढिगारा लॉबीत घुसला आणि डोक्याला मार लागला. अग्निशमन जवानांवर माहितीपट करणाऱ्या नॉदे बंधूंपैकी एक तेव्हा लॉबीतच चित्रण करत होता. त्यात पांढरं हेल्मेट घातलेले फादर प्रार्थना करताना दिसतात. संस्काराबद्दल प्रेक्षक हमखास विचारतात. तेल लावायचं ते जिवंत माणसाला. जीव आहे की नाही अशी शंका असेल तरी लावतात.

प्रतिसाद २
फादरना ‘बळी क्रमांक ०००१’ म्हणतात, पण त्याचा अर्थ पहिला मृत्यू असा नव्हे. विमानांतले प्रवासी आधीच गेले होते. अधिकृत नोंद झालेला पहिला मृतदेह त्यांचा, म्हणून तो क्रमांक. पाच जण त्यांना खुर्चीतून नेतात तो फोटो रॉयटर्स वृत्तसंस्थेच्या शॅनन स्टेपलटनचा. पोस्टरवर वापरणार असाल तर परवानगी घ्या. नेटवर सापडला म्हणून तो फुकट होत नाही.

प्रतिसाद ३
वेळ कमी म्हणून फक्त ९/११ चा भाग दाखवू नका. मग उरतो नुसता हुतात्मा, माणूस निसटतो. १९८० च्या दशकात एड्सच्या रुग्णांना हात लावायला लोक घाबरत, तेव्हा फादर त्यांचे पाय चोळून देत. स्वतः दारू सोडलेले, त्यामुळे व्यसनमुक्तीच्या बैठकांना नेमाने जात. समलिंगी असल्याचं जवळच्यांना सांगितलेलं, पण ब्रह्मचर्याचं व्रत पाळलेलं. चर्चच्या गटात दाखवणार असाल तर हे आयोजकांना आधीच सांगा. मध्येच दिवे लावून वाद सुरू झाला की पुढचा अर्धा तास गेलाच. १९९६ च्या टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीच्या विमान अपघातानंतर नातेवाइकांसोबत ते होते, हेही चर्चेत घ्या. दलात त्यांची नेमणूक १९९२ ची. ९/११ ला ते अचानक उगवले नव्हते.

प्रतिसाद ४
मराठी उपशीर्षकं करणाऱ्यांसाठी. दोनच ओळी ठेवा. अक्षरमर्यादा मोजणारी बरीच सॉफ्टवेअर काना-मात्रा आणि हलन्त वेगळे धरतात, म्हणून ‘प्रार्थना’सारखा शब्द उगाच लांब ठरतो. आकड्यापेक्षा वाचायला लागणारा वेळ बघा: ओळ शांतपणे मोठ्याने वाचा, तेवढा वेळ ती पडद्यावर हवी. फाइल साठवताना यूटीएफ-८ हे एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) निवडा, नाहीतर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं किंवा भलतीच चिन्हं दिसतील. काही प्लेअर जोडाक्षरं फोडतात (‘क्र’चं ‘क्‌र’). फॉन्ट बदलूनही तसंच राहिलं तर उपशीर्षकं व्हिडिओवर कायमची छापून घ्या. ज्या यंत्रावर दाखवणार त्याच यंत्रावर आदल्या दिवशी तपासा.

प्रतिसाद ५
न्यूयॉर्कला जाणाऱ्यांनी वेस्ट ३१ व्या रस्त्यावरचं सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्च बघा. फादर इथेच राहत, समोरच अग्निशमन केंद्र. त्यांच्या आठवणीतली पदयात्रा ११ सप्टेंबरच्या आधीच्या रविवारी इथूनच निघते, त्यामुळे ११ तारखेला तिची वाट बघू नका. मनोऱ्यांच्या जागेवरच्या ९/११ स्मारकात त्यांचं नाव दक्षिण कुंडावर, अग्निशमन दलाच्या जवानांसोबत कोरलंय.