हँडहेल्ड जीपीएस घ्यायचंय, नाशिकच्या डोंगरात आणि जिओकॅशिंगला कोणतं बरं पडेल?

गंगापूररोडवाली:

नमस्कार मंडळी. मी, नवरा आणि आठवीतला मुलगा असे तिघं दोनेक वर्षं झाली रविवारी पहाटे बाहेर पडतो. रामशेज, अंजनेरी, धोडप, मार्कंड्या झालेत, हरिहर गर्दीमुळे अर्ध्यातनं सोडून आलो (त्या पायऱ्यांवर ट्रॅफिक जाम काय असतो ते बघितलं एकदा, पुरे). मे महिन्यात माझा भाऊ अमेरिकेतनं आला होता, त्याने पोराला जिओकॅशिंगचं खूळ लावून दिलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोणीतरी डबा लपवतं, त्याचे अक्षांश-रेखांश नेटवर टाकतं, आपण जाऊन शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तसा ठेवून यायचं. तेव्हापासून पोरगं डोकं खातंय रोज.

आता खरा प्रॉब्लेम असा की जुलैत ब्रह्मगिरीवर धुक्यात सापडलो, दहा फुटांवरचं दिसेना, फोन काढला तर पावसाचे थेंब पडून नकाशा आपोआपच मोठा-लहान व्हायला लागला, पुसायला रुमाल काढावा तर तोही ओला, बॅटरी तीस टक्के. वाट सापडली, पण तेव्हाच ठरवलं की बटणंवालं वेगळं जीपीएस घ्यायचं. भाऊ दिवाळीला परत येतोय, तिकडनं आणतो म्हणतोय. बजेट वीस हजारांच्या आतबाहेर. त्याने तीन नावं पाठवलीत, गार्मिनचं ईट्रेक्स एसई, ईट्रेक्स ३२एक्स आणि जीपीएसमॅप ६७आय. शेवटचं महाग आहे पण रेंज नसली तरी त्यावरनं सॅटेलाइटने मेसेज जातो म्हणे, त्यामुळे तो म्हणतो वरचे पैसे मी भरतो, सेफ्टी आधी, हेच घे. कोणी वापरलंय का?

सातपूरचा_भटक्या:

ताई स्पष्ट बोलतो, राग मानू नका. फोन पुरेसा आहे. ऑर्गॅनिक मॅप्स टाका, महाराष्ट्राचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून ठेवा आणि डोंगरात एअरप्लेन मोड लावा. जीपीएस तरी चालतं, कारण फोन सॅटेलाइटचं फक्त ऐकत असतो, त्याला नेटही लागत नाही आणि रेंजही नाही. बॅटरी खातो तो रेंज शोधण्याचा खटाटोप, ते बंद केलं की माझा तीन वर्षं जुना फोन साल्हेर करून येऊनसुद्धा अर्धा भरलेला असतो. जिओकॅशिंगला अँड्रॉइडवर सीजिओ नावाचं फुकट अॅप आहे. उरलेल्या पैशात तिघांना चांगले बूट येतील!

कडेकपारी:

सातपूरवाल्या भाऊंचं सप्टेंबर ते मे पटतं. जून-जुलै-ऑगस्ट त्र्यंबक-इगतपुरी पट्ट्यात नाही पटत, ताईंनी लिहिलंच आहे का ते.

पण ताई, सगळ्यात आधी ते ६७आय डोक्यातनं काढून टाका आणि भावाला आजच फोन करा. आपल्याकडे सॅटेलाइटवरनं मेसेज पाठवणारी यंत्रं दूरसंचार विभागाच्या लायसन्सशिवाय बाळगता येत नाहीत, सॅटेलाइट फोनला जो नियम तोच यालाही. परदेशी पर्यटक एअरपोर्टवर अशा यंत्रासकट पकडले गेलेत, केस झाल्यात, बिचाऱ्यांना वाटत होतं आपण ट्रेकिंगचं सामान घेऊन चाललोय. नावाच्या शेवटी ‘आय’ असलं की जपून, ६६आय, ६७आय दोन्ही त्यातलीच. नुसतं ६७ मात्र साधं जीपीएस आहे, ते फक्त ऐकतं, बोलत नाही. सेफ्टीसाठी म्हणून आणायचं आणि दिवाळीत भावाला पोलीस ठाण्यात बसवायचं, कोणी सांगितलंय?

उरली दोन. एसई बॅटरीच्या बाबतीत राक्षस आहे, दोन पेन्सिल सेलवर कंपनी १६८ तास सांगते, पण त्यात नकाशा नाही. काळा-पांढरा स्क्रीन, त्यावर तुमचा ठिपका, चालून आलात त्या वाटेची रेघ आणि जायचंय तिकडे दाखवणारा बाण, बस. ३२एक्समध्ये रंगीत नकाशा, मेमरी कार्डला जागा, सेल २५ तास. मी ३२एक्स म्हणेन आणि कारण नकाशापेक्षा वेगळं आहे. त्याचाच धाकटा भाऊ २२एक्स आहे, दिसायला सेम आणि स्वस्त, पण त्यात होकायंत्र नाही. होकायंत्र नसलेल्या युनिटला तुम्ही चालत असाल तरच दिशा कळते, उभे राहिलात की बाण भोवऱ्यासारखा फिरतो. आणि डबा शोधताना शेवटच्या दहा मीटरला माणूस उभाच असतो ना, इकडे दगड उचल, तिकडे वाक. तिथे होकायंत्र पाहिजेच. ते एसईमध्येही आहे आणि ३२एक्समध्येही, फक्त सेल बदलले की सेटिंगमध्ये जाऊन एकदा कॅलिब्रेट करायचं, हातात धरून गोल फिरवायला सांगतं, घरचे हसतात, हसू द्यायचं.

आता एक गोष्ट जी दुकानदार सांगत नाही. बाण सरळ रेषेत दाखवतो. त्याला दरी कळत नाही. मी नवीन नवीन जीपीएस घेतलं तेव्हा भास्करगडावरनं निरगुडपाड्याकडे उतरत होतो, जंगलात ढोरवाटा इतक्या की दर पन्नास पावलांना दोन फाटे, अंधार पडायला आलेला. गाडी लावली तिथला पॉइंट सेव्ह होता, म्हटलं चला बाणाच्या मागे. ४०० मीटर, ३५०, ३००, छान चाललंय, आणि झुडूप बाजूला केलं तर पुढे काहीच नाही, सरळ कडा, खाली गाडीचं टप दिसतंय चमकताना! बाण मात्र इमानदारीने समोरच दाखवतोय. तिथनं मागे फिरून सकाळी चढताना नोंदलेली रेघ स्क्रीनवर काढली, ट्रॅकबॅक म्हणतात ते, आणि तिच्यावर पाय ठेवत ठेवत उतरलो. तासभर जास्त गेला. तेव्हापासून घरातनं निघताना ट्रॅक चालू करतो आणि परतताना बाण बघतच नाही.

कातळाच्या भिंतीला चिकटून चालताना ठिपका उड्या मारेल, ते मशीन बिघडल्याचं लक्षण नाही, सिग्नल भिंतीवर आपटून उशिरा पोचतो म्हणून तसं होतं. हरिहरच्या पायऱ्यांचा माझा ट्रॅक बघाल तर मी हवेत चाळीस मीटर चालून आलोय असं वाटेल.

देवळालीकर_आजोबा:

कडेकपारी यांनी छान लिहिले आहे. थोडी भर घालतो. हा डबे लपवायचा खेळ मुळात सुरू कसा झाला ते नातवाला, म्हणजे ताई तुमच्या मुलाला, सांगा. पूर्वी अमेरिकेचे लष्कर सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालत असे, शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा. मे २००० च्या सुरुवातीला त्यांनी ती चूक घालणे थांबवले आणि एका रात्रीत सगळ्यांची यंत्रे अचूक झाली. लगेच ३ मे रोजी ओरेगनमध्ये डेव्ह उल्मर या माणसाने एक काळी बादली अर्धवट पुरून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले, आत वही-पेन्सिल आणि किरकोळ वस्तू. शंभर मीटर चुकणाऱ्या यंत्राने कोणाला ती सापडली असती सांगा!

मुलगा स्वतः डबा लपवायचा म्हणाला तर मात्र जागा नीट बघा. आमच्या देवळालीत तोफखान्याचा भाग आहे, नाशिकरोडला नोट प्रेसचा परिसर आहे, तिकडे ओझरला विमानतळ. अशा ठिकाणी, स्टेशनात किंवा देवळाच्या आवारात बेवारस डबा दिसला तर लोक आधी पोलिसांना बोलावतात, आणि बरोबरच करतात. अंजनेरीला तर अजिबात नको, तो राखीव भाग आहे, कड्यांवर गिधाडे घरटी करतात. डबा पारदर्शक ठेवा आणि आत काय आहे, कशासाठी आहे ते मराठीत लिहून ठेवा.

आणखी एक. अमेरिकेतून आणलेले यंत्र पहिल्यांदा चालू कराल तेव्हा गच्चीवर उघड्यावर पंधरा-वीस मिनिटे नुसते ठेवून द्या. कुठला सॅटेलाइट कुठे आहे याची पूर्ण यादी आकाशातून उतरायला साडेबारा मिनिटे लागतात. माणसे घरात पंख्याखाली बसून चालू करतात आणि खराब निघाले म्हणून परत पाठवतात.

सातपूरचा_भटक्या:

बरं बुवा, हरलो, पावसापुरतं मान्य 😄 पण फोन बॅकअपला न्याच. आणि युनिटमध्ये रिचार्जेबल सेल टाकणार असाल तर सेटिंगमध्ये बॅटरी टाइप बदला, नाहीतर सेल भरलेले असताना अर्धे दाखवतं. साधे सेल टाकले तर पावसाळा संपल्यावर काढून ठेवा. आमच्या एका मित्राने टॉर्चमध्ये तसेच ठेवले, दसऱ्याला उघडली तर आत पांढरा भुगा आणि स्प्रिंग खाल्लेली.

गंगापूररोडवाली:

सगळ्यांचे खूप खूप आभार. भावाला फोन केला, त्याला त्या नियमाचा पत्ताच नव्हता, गप्पच बसला जरा वेळ. ३२एक्स नक्की केलंय. दरम्यान नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकांनी त्यांचं जुनं युनिट सरावाला दिलंय, त्याची केबल मिनी यूएसबी निघाली, फोनची कुठलीच बसेना, शेवटी लग्नातल्या कॅमेऱ्याच्या पिशवीत सापडली. ३२एक्सलाही तीच लागते म्हणे, तर जपून ठेवलीय.

आता एक गंमत सांगते. त्यांनीच कागदावर अंजनेरीचा पॉइंट लिहून दिला, १९ ५५.२ आणि ७३ ३४.२. मी आधी फोनमध्ये टाकून बघितला, १९.५५२ आणि ७३.३४२ असा. गच्चीवरनं अंजनेरी समोर दिसतोय, सरळ रेषेत फार तर बावीस किलोमीटर, आणि फोन म्हणतोय ६७ किलोमीटर, शहापूरच्या बाजूला! मला वाटलं कागदच चुकीचा. पोराने बघितलं आणि म्हणाला, आई ती मिनिटं आहेत, साठाने भाग. ५५.२ भागिले ६० म्हणजे .९२, म्हणून १९.९२, आणि ७३.५७. टाकलं तर ठिपका बरोबर अंजनेरीवर. जिओकॅशिंगचे पॉइंट सगळे असे अंश-मिनिटांतच असतात म्हणे, त्यामुळे तुम्ही कोणी नवीन असाल तर हे आधी बघा, मी गणितात बरी असूनही फसले.

पोराने काल माझा जुना पोळ्यांचा डबा आमच्याच गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली लपवून मित्रांना पॉइंट पाठवला. चौघं जण तासभर शोधत होते, सगळे पलीकडच्या बिल्डिंगच्या जिन्यात. तिथल्या काकू मला विचारून गेल्या, काय हरवलंय तुमचं?

कडेकपारी:

गच्चीवरचं काँक्रीट आणि टाकी, आठ-दहा मीटर चुकणारच. त्याला सांगा पॉइंट घेताना युनिट दोन-तीन मिनिटं डब्यावर ठेवून सरासरी घे, वेपॉइंट अॅव्हरेजिंग म्हणून ऑप्शन आहे त्यात. आणि डबा काढून घ्या ताई, पोळ्या कशात नेणार रविवारी.