कमी खर्चाची सुट्टी, पण नक्की कोणाच्या जिवावर?

कोरडवाहू
परवा इथे एकाने "वस्तू नकोत, अनुभव हवेत" असा धागा काढला. मे महिन्यात सहकुटुंब कोकण, दोन सॅकमध्ये सगळे कपडे, हॉटेल नाही, खरेदी शून्य. मुक्काम आधी दापोलीकडे मामाच्या घरी, मग दाभोळची फेरी ओलांडून गुहागरला बायकोच्या आत्याकडे. खाली "साधी राहणी"वर टाळ्यांचा कडकडाट. तिथेच लिहायला बसलो, पण फार लांबलं म्हणून वेगळा धागा.

त्या लेखात एक वाक्य आहे, "रोज सकाळी मामीच्या हातचे गरमागरम घावणे." घावणे कसे होतात बघितलंय कधी? तव्याला नारळाच्या शेंडीने तेल लावायचं, पीठ ओतायचं, झाकण ठेवायचं, वाफ आली की काढायचं. एका वेळी एक. घरचे चार आणि तुम्ही पाच, माणशी तीन धरा. मामी सगळ्यांच्या शेवटी खाते, ती पण थंडगार. मे महिन्यात विहीर तळाला गेलेली असते, आणि तुम्ही समुद्रावरून आलात की अंगाची वाळू धुवायला पाच जणांच्या आंघोळी. खर्च झाला नाही असं नाही, तो तुमच्या वहीत आला नाही इतकंच.

दुसरं, "आमसुलंसुद्धा घेतली नाहीत" याचा अभिमान कसला? उद्या सगळेच अनुभववादी झाले तर सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी करणाऱ्यांनी काय खायचं? तुमचा अनुभव?

झोळीवाला
मूळ धागा माझा. मामी आम्हाला फोन करकरून बोलावते, तिला विचारा आधी. आणि खरेदीचं म्हणाल तर माझं कपाट उघडून दाखवतो. प्रत्येक सहलीचं काहीतरी आहे, शंखांचं गणपती घड्याळ आहे, ते चालत नाही. मुलांना गेल्या वर्षीची खेळणी आठवत नाहीत, पण हर्णैच्या बंदरावरचा मासळीचा लिलाव आठवतो. त्याला पैसे पडले नाहीत. की तो बघितला म्हणून पण कोणाची माफी मागू?

डोंबिवलीचो चाकरमानी
अनुभवच हवा असेल तर कोकण रेल्वेचं आरक्षण काढून बघा. आगाऊ आरक्षण १२० दिवसांवरून ६० वर आणलं, म्हणाले सोपं होईल. सकाळी आठला खिडकी उघडते, आठ वाजून काही मिनिटांत प्रतीक्षायादी. एसटी म्हणाल तर जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ झालीच आहे. साधी राहणी वगैरे ठीक, आधी बसायला जागा द्या.

झोळीवाला
बायकोला एसटीत अर्धं तिकीट, आईला पंच्याहत्तरीमुळे फुकट. आम्हाला जड गेलं नाही.

डोंबिवलीचो चाकरमानी
म्हणजे सरकारच्या जिवावर जाणं आणि मामीच्या जिवावर राहणं. अभिनंदन.

मंडणगडकरीण
कोरडवाहूंना +१००. आमचं घर रस्त्याला लागून, समुद्र जवळ. एप्रिल उजाडला की नवऱ्याच्या चुलत-मावस सगळ्यांना आमची "आठवण" येते. गेल्या उन्हाळ्यात एक जोडपं आलं, शहरात घरातला पसारा कमी करण्यावर भाषणं देतात म्हणे. टॉवेल आणला नव्हता, साबण आणला नव्हता, मोबाईलचा चार्जरसुद्धा माझाच. जाताना ती म्हणाली, "वहिनी, किती कमी वस्तूंत राहता येतं ना!" माझ्या वस्तूंत, बाई.

आमच्याकडच्या वेळास गावात बघा जरा. कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायच्या हंगामात गावातल्या घरांत पाहुणे उतरतात. गाद्या जमिनीवर, जेवण साधं, मोदक मिळाले तर मिळाले. पण माणशी ठरलेले पैसे देतात आणि ते घरच्या बाईला दिसतात. त्याला म्हणतात साधी सहल.

स्पष्टवक्ता
वेळासचं कौतुक पुरे. पिल्लं सकाळ-संध्याकाळच सोडतात, त्यातही त्या दिवशी बाहेर आली तर. आमच्या वेळी एकही दिसलं नाही आणि शेजारचा माणूस "पैसे वाया गेले" म्हणून भांडत होता. पैसे दिले की माणूस हिशोबच मागतो.

मुख्य मुद्दा, भाच्याने मामीला बिल द्यायचं का? दिवाळीच्या ओवाळणीची पावती घेता का तुम्ही? सगळं पैशांत मोजणारे लोक, आणि वर दुसऱ्यांना शिकवणार.

कोरडवाहू
ओवाळणीत ताटात काहीतरी पडतं हो. इथे ताट रिकामं, आणि ते विसळायचं पण मामीनेच.

स्पष्टवक्ता
तुम्हाला पाहुणे आवडत नाहीत, सरळ सांगा ना.

मंडणगडकरीण
पाहुणे आवडतात. पाहुणा उठून पाण्याची कळशी भरून आणतो तेव्हा फार आवडतो.

एसीतला जीव
सुट्टीत पण काटकसर? वर्षभर तेच करतो की. रिसॉर्टला जातो, पैसे मोजतो, दुपारी झोपतो. माझ्या बायकोला चार दिवस गॅसपुढे उभं राहावं लागत नाही, आणि दुसऱ्याच्या बायकोलाही माझ्यासाठी राहावं लागत नाही. चैनखोर म्हणा.

झोळीवाला
तुमच्या रिसॉर्टचं पाणी कुठून येतं ते विचारलंत कधी? त्याच गावातून. टँकर काय आकाशातून उतरतो?

कोरडवाहू
हे मात्र खरं बोललात. कधी नव्हे ते.

झोळीवाला
आभारी आहे. घावण्यांचं मान्य करतो, पण तुमच्या टोमण्यांमुळे नाही. काल मामीला फोन केला, "तुला त्रास होतो का" विचारलं. "छे रे" म्हणाली. मग मामेबहिणीने फोन हिसकावून घेतला आणि दहा मिनिटं बोलली. पुढच्या मे महिन्यात किराणा भरतो, तोही त्यांच्याच गावच्या दुकानातून, आणि आमसुलंही घेतो. झालं समाधान? मगच आम्ही साधे ना?

मंडणगडकरीण
किराणा राहू दे. एक दिवस घावणे तुम्ही घाला, आणि मामीला नेऊन बसवा दाभोळच्या फेरीत. इतकी वर्षं तिथे राहून ती त्यात फक्त दवाखान्यासाठी बसली असेल.

डोंबिवलीचो चाकरमानी
गाडीत जागा मिळाली तर मीही घालतो घावणे. कोणी आहे का आरक्षणात ओळखीचं?